३८, ०ई, ०१, ०६, ८०: एका डिस्प्लेची कुळकथा

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की धाराशिव, कळंब, वाशीकडच्या खरेदी केंद्रांवर सगळ्यांचे डोळे एका चिंचोळ्या खिडकीवर खिळतात. ओलावा मोजायच्या यंत्रात मूठभर दाणे पडतात आणि खिडकीत आकडा उमटतो. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची मर्यादा. २०२४च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. भूम-परंड्याकडे दूध संकलन केंद्रावर अशीच खिडकी फॅट आणि एसएनएफ दाखवते. हिरवट नाहीतर निळा उजेड, दोन किंवा चार ओळी, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, पण अशा बऱ्याच खिडक्या एकाच कुळातल्या आहेत. त्या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे जपानच्या हिताची कंपनीची एचडी४४७८० नावाची चिप. जन्म १९८०च्या दशकातला.

खिडकीमागे बसून तिला हुकूम देणारा मायक्रोकंट्रोलर मात्र दर पिढीला बदलला. तो बदलला की डिस्प्ले चालवणारा कोड एका कुळातून दुसऱ्या कुळात न्यावा लागतो. या कामाला पोरं ‘कोड पोर्ट करणं’ म्हणतात. बोलायला दोन शब्द, पण या स्थलांतरात काय टिकलं आणि काय गळून पडलं, हे पाहण्यासारखं आहे.

टिकले ते पाच आकडे. महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या कुणालाही विचारा: ३८, ०ई, ०१, ०६, ८०. पाढ्यासारखे म्हणून दाखवतील. ३८ म्हणजे आठ तारांनी बोलू, दोन ओळी वापरू. ०ई म्हणजे पडदा चालू कर, कर्सर दाखव. ०१ने पाटी पुसायची, ०६ने कर्सर उजवीकडे सरकत ठेवायचा, ८०ने पहिल्या ओळीच्या सुरुवातीला जायचं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि त्याच लाटेत धाराशिवात तेरणा ट्रस्टचं महाविद्यालय उभं राहिलं. पुढे अशा महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत ८०५१चं किट आलं, आणि त्याच्यासोबत हे पाच आकडे. ते बहुतेकांपर्यंत पोचले मझिदी यांच्या ८०५१वरच्या पाठ्यपुस्तकातून आणि त्यावरून उतरवलेल्या जर्नलांतून.

८०५१ ही इंटेलची १९८०ची चिप. पुढे अ‍ॅटमेलने ती पुसून पुन्हा लिहिता येईल अशी, स्वस्तात काढली आणि जर्मनीच्या काइल कंपनीच्या कंपायलरने तिच्यासाठी सी भाषेत लिहिणं सोपं केलं. प्रयोगशाळेत ८०५१ इतकी वर्षं तळ ठोकून बसली ती या दोन गोष्टींमुळे.

आता थोडं मागे. एचडी४४७८०ला ‘ई’ नावाचा एक पाय आहे. तारांवर माहिती ठेवायची, ‘ई’ वर न्यायचा, खाली आणायचा. खाली येताना चिप माहिती उचलते. ही रीत इंटेलची नव्हेच. ती मोटोरोलाच्या १९७४च्या ६८०० प्रोसेसरची, आणि हिताची त्या प्रोसेसरची परवानाधारक उत्पादक होती. इंटेलच्या ८०८०चं घराणं वेगळं: वाचायची तार वेगळी, लिहायची वेगळी. म्हणजे आपल्या प्रयोगशाळांत इंटेल घराण्याची चिप मोटोरोला घराण्याच्या पडद्याशी बोलत होती, आणि मधला दुभाषा होता विद्यार्थ्याने लिहिलेला कोड. हे भांडण अजून मिटलेलं नाही. आजच्या बोटभर ओएलईडी पडद्यावरच्या एसएसडी१३०६ चिपची माहितीपुस्तिका उघडा. समांतर तारांनी जोडायचं असेल तर पर्याय दोन: ६८०० पद्धत की ८०८० पद्धत. ते दोन्ही प्रोसेसर केव्हाच मोडीत निघाले, त्यांचे आकडे मात्र पडद्यांच्या कागदपत्रांत राहिले.

पाच आकडे टिकले, तर गळलं काय? त्यांच्यामागची कारणं.

बारा मेगाहर्ट्झच्या साध्या ८०५१ला एक छोटी सूचना पाळायला एक मायक्रोसेकंद लागतो. ‘ई’ वर, ‘ई’ खाली, एवढ्या दोन ओळी लिहिल्या की मधे आपोआप एक मायक्रोसेकंद जातो. हिताचीच्या चिपला हवा असतो जेमतेम अर्धा. त्यामुळे ‘ई’ किती वेळ वर धरायचा, याचा विचार करायची कुणाला गरजच पडली नाही. चिपचा संथपणा हीच कोडमधली एक न लिहिलेली ओळ होती. तोच कोड ७२ मेगाहर्ट्झच्या एसटीएम३२ या एआरएम कुळातल्या चिपवर नेला की ‘ई’ इतक्या झटकन वर-खाली होतो की पडद्याला पत्ताच लागत नाही. खिडकीत पहिल्या ओळीत काळे चौकोन, दुसरी कोरी. एकही अक्षर चुकलेलं नाही आणि कोड चालत नाही.

दुसरी गोष्ट १२७५ची. थांबण्यासाठी एकात एक दोन लूप लिहायचे आणि आतला १२७५ वेळा फिरवायचा की एक मिलीसेकंद होतो, हे हजारो जर्नलांत उतरलं आहे. हा आकडा ८०५१च्याच कुळातल्या, पण पुष्कळ वेगवान अशा डॅलस कंपनीच्या चिपवर, ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसह तपासलेला. आपल्याकडे किटवर होती अ‍ॅटमेलची साधी चिप. तिच्यावर तोच लूप कितीतरी पट जास्त वेळ घेतो. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पडद्याला उशीर चालतो, घाई चालत नाही. पुढे हाच १२७५ एआरएमवर गेला. तिथे तो फारच लवकर संपतो. किंवा कंपायलर हुशार असला तर हा लूप काहीच काम करत नाही म्हणून तो सरळ काढूनच टाकतो.

खरं तर वेळ पडद्याची असते, मायक्रोकंट्रोलरची नाही. एचडी४४७८०च्या पोटात सुमारे २७० किलोहर्ट्झचं स्वतःचं घड्याळ आहे. बहुतेक हुकूम ३७ मायक्रोसेकंदांत होतात, पाटी पुसायला मात्र दीड मिलीसेकंदाहून थोडं जास्त लागतं. समोर कुणीही बसलं तरी हे आकडे बदलत नाहीत. पोर्ट करणाऱ्याने सोबत न्यायचे ते हे. आपण नेत आलो १२७५.

पायांच्या दिशेचाही घोळ आहे. ८०५१ला पाय ‘बाहेर बोलणारा’ की ‘आत ऐकणारा’ हे वेगळं सांगावं लागत नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून आलेल्या अ‍ॅटमेलच्या एव्हीआरमध्ये ते सांगावं लागतं, आणि १ म्हणजे बाहेर. मायक्रोचिपच्या पीआयसीत नेमकं उलट, ० म्हणजे बाहेर. २०१६मध्ये मायक्रोचिपने अ‍ॅटमेल विकत घेतली, तेव्हापासून या दोन उलट्या रीती एकाच छपराखाली नांदताहेत. एसटीएम३२ची तर सुरुवातच आणखी अलीकडून होते: आधी त्या पोर्टचं घड्याळ चालू करा, मग पायाचं बोला.

कारणं परत लिहून ठेवायचं श्रेय मी आर्दुइनोला देईन. इटलीतल्या इव्रेआ गावात २००५मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात डेव्हिड मेलिस यांनी एप्रिल २००८मध्ये ‘लिक्विडक्रिस्टल’ ही लायब्ररी टाकली आणि जुलै २००९मध्ये लिमोर फ्राइड यांनी ती सुधारली. आजही ती उघडली तर टिपांमध्ये हिताचीच्या पुस्तिकेची पानं दिलेली दिसतात, ४५ आणि ४६. कुठे किती थांबायचं आणि का, हेही. सुरुवातीला ३ हा आकडा लागोपाठ तीनदा पाठवायचा तो प्रसिद्ध विधी घ्या. पडदा आधीच्या गडबडीत चार तारांच्या पद्धतीत अडकलेला असो, की अर्ध्या हुकुमावर थबकलेला असो, तीनदा सांगितल्यावर तो हमखास मूळ पदावर येतो. कित्येक वर्षं हा विधी मंत्रासारखा केला गेला. इथे त्याला पान क्रमांक मिळाला.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आज मिळणाऱ्या सोळा-बाय-दोनच्या पडद्यामागे बहुधा हिताचीची चिप नसतेच. सॅमसंगची केएस००६६, सिट्रॉनिक्सची एसटी७०६६ असे तिचे वारस असतात. हिताचीचा हा धंदा २००३मध्ये रेनेसासकडे गेला. पण वारसांनी जपानी आठवणी जपल्या आहेत. बाजारात सर्रास मिळणाऱ्या नमुन्यात उलट्या तिरक्या रेघेच्या जागी येनची खूण येते, आणि डेटाची एखादी तार सैल असली की खिडकीत चक्क काताकाना अक्षरं नाचू लागतात. आपला रुपया त्यात नाही. २०१०मध्ये ठरलेली ₹ ही खूण हवी असेल तर स्वतः ठिपके मांडून काढावी लागते.

तशी सोय चिपमध्ये आहे, पण फक्त आठ घरांची, आणि प्रत्येक घर पाच-बाय-आठ ठिपक्यांचं. ‘धाराशिव’ लिहायला सहा घरं पुरतात: ध, काना, र, पहिली वेलांटी, श, व. ‘उस्मानाबाद’ला अर्धा स धरून सात. काना दोन्हींत सामाईक धरला तरी एकूण बारा होतात. २०२३मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. या खिडकीत जुनं आणि नवं नाव देवनागरीत एकाच वेळी बसतच नाही. शिवाय दोन घरांच्या मध्ये काचेतच फट असते, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. कोड कितीही चांगला लिहा, ती फट भरता येत नाही. दूध केंद्रावरच्या यंत्रांनी इंग्रजीत राहणं पसंत केलं, त्यात मला नवल वाटत नाही.

ठिपक्यांवर सलग चित्र काढता येईल असे पडदे आल्यावर शिरोरेषा जुळली. ऑलिव्हर क्राउस यांच्या यू८जी२ लायब्ररीत देवनागरी फॉन्टही आहे आणि ती एव्हीआरपासून ईएसपी३२पर्यंत बहुतेक कुळांवर चालते, कारण तिने पडद्याचं बोलणं आणि चिपचे पाय हे दोन कप्पे वेगळे ठेवले. पण तिला अक्षरं जुळवता येत नाहीत. युनिकोडमध्ये ‘शि’ साठवताना श आधी आणि वेलांटी नंतर असते; लायब्ररी तशीच ओळीने काढते आणि वेलांटी श-च्या पलीकडे, व-ला चिकटून उभी राहते. संगणकापुरता हा प्रश्न १९८०च्या दशकातच सोडवलेला होता: आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं जिस्ट कार्ड पीसीत खोचलं की भारतीय लिप्या पडद्यावर नीट उमटत. ते शहाणपण काही किलोबाइटच्या मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोचलं नाही.

म्हणून इथले प्रोग्रामर एक जुगाड करतात. पडद्याकडे पाठवण्याआधी वेलांटी उचलून व्यंजनाच्या आधी आणतात आणि मजकूर तसाच उलटा साठवतात. पडद्यावर ‘धाराशिव’ नीट दिसतं. उद्या तोच मजकूर ईएसपी३२मधून वायफायने मोबाइलवर पाठवायची वेळ आली की मोबाइल स्वतः अक्षरं जुळवायला बसतो, आणि अदलाबदल केलेली वेलांटी त्याच्याकडे श-ला न लागता भलतीकडेच लटकताना दिसते. मग पोर्ट करणाऱ्याला आधी ती अदलाबदल शोधून काढून टाकावी लागते, आणि ती का केली होती याची टीप कोडमध्ये सहसा नसते.