सोन्यावर कोरलेली नावे

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरचे नाणे त्यावरील डहाळीच्या चिन्हामुळे ‘झाडशाही’ म्हणून ओळखले जाई. राज्य कछवाहा राजांचे. पण नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचे आणि लिपी फारसी. पेशवाईतील मराठी टांकसाळींतूनही बादशहाच्याच नावाचे रुपये पडत. १८५७ च्या उठावानंतर बादशाही संपली, तेव्हा महाराज रामसिंह (दुसरे) यांच्या मोहरांवर इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे नाव आले. दुसऱ्या बाजूस महाराजांचेही नाव उमटले. लिपी मात्र फारसीच राहिली.

बाजारातील नाण्याची चकती ठशाहून लहान असे, म्हणून मजकूर अर्धवट उमटे. नजराण्याचे नाणे रुंद असे व त्यावर अक्षर न् अक्षर वाचता येई. ते खर्चण्यासाठी नव्हतेच. दरबारात अर्पण करण्यासाठी होते. आठवे एडवर्ड १९३६ मध्ये वर्षभरही गादीवर राहिले नाहीत. ब्रिटनमध्ये त्यांचे नाणे चलनात आलेच नाही. जयपूरने मात्र त्यांच्या नावाचे नाणे पाडले. नाव कोरणे ही निष्ठेची पावती होती.

आज परकीय टांकसाळी संग्राहकांसाठी लेखकांच्या नावाने सोन्याची नाणी काढतात. ब्रिटनने २०१२ मध्ये डिकन्स, २०१६ मध्ये शेक्सपिअर आणि २०१७ मध्ये जेन ऑस्टिन यांच्या स्मरणार्थ काढलेली दोन पौंडांची नाणी सोन्यातही उपलब्ध झाली. डिकन्सची मुद्रा त्याच्या ग्रंथनामांनीच रेखाटलेली आहे. दर्शनी मूल्य दोन पौंड, किंमत सोन्याची. म्हणून तेही नजराण्याच्या मोहरेसारखे बाजारात फिरत नाही. भारत सरकारनेही २०११ मध्ये रवींद्रनाथांच्या जन्माच्या सार्धशताब्दीनिमित्त दीडशे रुपयांचे नाणे काढले.

दोन्ही प्रथांत भेद आहे तो नावाच्या अधिकाराचा. राजाचे नाव सत्तेच्या बळावर नाण्यावर येई आणि सत्ता गेली की पुसले जाई. लेखकाचे नाव वाचकांनी आधीच मान्य केलेले असते. टांकसाळ त्यावर उशिरा शिक्का मारते. म्हणूनच तेथे अक्षराची चूक अधिक बोचते. आयर्लंडने २०१३ मध्ये जेम्स जॉइसच्या स्मरणार्थ काढलेल्या चांदीच्या नाण्यावर त्याच्या वाक्यात नसलेला एक शब्द शिरला होता. मुखवटा चुकला असता तर तो कलेचा दोष ठरता; शब्द चुकला, तेव्हा ज्याचा गौरव करावयाचा तोच दुखावला गेला.