पोंताकांचे मद्य

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये बोर्दोचे मद्य मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कोणाच्या मळ्यातले, हे विचारण्याचे कारण पडत नसे. मद्य बोर्दोचे आहे आणि यंदाचे आहे, एवढे पुरे असे. शरद ऋतूच्या अखेरीस जहाजांचे तांडे पिंपे भरून येत. वर्ष सरत आले की पिंपात उरलेले मद्य आंबट होऊ लागे आणि नव्या हंगामाचा माल धक्क्याला लागताच जुन्याचा भाव कोसळे. जुने तेवढे उंची, ही समजूत फार पुढची. आपल्याकडे देवगडचा म्हटला की आंब्याचा भाव चढतो. तसा मान एखाद्या ठरावीक मळ्याला मिळवून देण्याचा उद्योग बोर्दोच्या ज्या घराण्याने प्रथम यशस्वी करून दाखविला, ते पोंताक घराणे.

हे घराणे काही मळेकऱ्यांचे नव्हे. त्या काळी फ्रान्समध्ये न्यायासनावरील पदे रोख पैसे मोजून विकत घेता येत आणि व्यापारात सधन झालेली कुटुंबे त्या वाटेने उमरावांच्या पंक्तीला जाऊन बसत. (सरकारी नोकरीच्या इतिहासातील हे प्रकरण मोठे उद्‌बोधक आहे, पण ते असो.) १५२५ साली जाँ द पोंताक याचा विवाह झाला, तेव्हा पत्नीच्या हुंड्यात त्याला बोर्दोजवळच्या पेसाक गावची ओ-ब्रियाँ येथील जमीन मिळाली. १५३३ मध्ये त्याने तेथील वाडाही खरेदी केला. त्याच्याच घराण्यातील आर्नो द पोंताक हा १६५३ पासून बोर्दोच्या पार्लमांचा प्रथमाध्यक्ष होता. पार्लमां म्हणजे विधिमंडळ नव्हे, प्रांताचे वरिष्ठ न्यायालय. या न्यायाधीशाने आपला माल शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मालात मिसळू न देता स्वतःच्या नावाने विलायतेत पाठविण्यास आरंभ केला. पिंपे वेळोवेळी काठोकाठ भरणे, गाळावरचे मद्य अलगद दुसऱ्या पिंपात काढणे, ही निगा त्याच्याच मळ्यात नियमाने सुरू झाली, असे पुष्कळ इतिहासकार मानतात.

इंग्लंडात तेव्हा दुसऱ्या चार्ल्सचे पुनरागमन झाले होते. १६६०च्या सुमाराच्या राजवाड्यातील हिशेबात या मद्याची नोंद सापडते. १० एप्रिल १६६३ रोजी आरमारी खात्यातील अधिकारी सॅम्युएल पीप्स याने लोम्बार्ड स्ट्रीटवरील मद्यगृहात ते चाखले आणि अशी आगळी चव आपणास पूर्वी कधी भेटली नव्हती, असे रोजनिशीत नमूद केले. नावाचे स्पेलिंग त्याने आपल्या कानाला ऐकू आले तसे ठोकून दिले आहे. एका मळ्याच्या मद्याची चव कोणी वेगळी ओळखून टिपून ठेवावी, ही गोष्टच त्या काळी नवी होती.

१६६६च्या आगीत लंडन जळाले. त्यानंतर त्याच भागात एक भोजनगृह निघाले. त्याच्या पाटीवर प्रथमाध्यक्षांचे चित्र होते आणि लोक त्याला पोंताकचेच म्हणत. प्रथमाध्यक्षाचा मुलगा फ्रान्स्वा-ओग्यूस्त याने स्वयंपाकी बरोबर आणून ते थाटले, असे सांगतात. फ्रेंच धर्तीचे जेवण आणि त्याबरोबर घरच्या मळ्याचे मद्य हा थाट लंडनला अपरिचित होता. खानदानी न्यायाधीशाच्या पुत्राने परमुलखात खाणावळीशी नाते जोडावे, हे बोर्दोच्या प्रतिष्ठितांना रुचले असेल असे वाटत नाही. परंतु माल खपविण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नव्हता.

मे १६७७ मध्ये प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये राहिलेला तत्त्वज्ञ जॉन लॉक हा मळा पाहावयास गेला. पश्चिमेकडे उतरत गेलेला लहानसा उंचवटा, पांढरी रेती आणि थोडे खडे. येथे काही उगवेल असे पाहणाऱ्याला वाटू नये. आणि केवळ एका चरापलीकडची जमीन दिसावयास अगदी तशीच. तिचे मद्य मात्र त्या तोडीचे नाही! लॉकने भावाचीही चौकशी केली. एक तोनो, म्हणजे चार पिंपे, सुमारे ९०० लिटर मद्य काही वर्षांपूर्वी ५०-६० क्राउनला मिळे, ते ८० ते १०० वर गेले होते. दोष त्याने आपल्याच देशबांधवांना दिला. वाटेल त्या किमतीस उत्तम तेच पाठवा, असे श्रीमंतांनी एकमेकांच्या चढाओढीने कळविल्याचे हे फळ, असे त्याचे म्हणणे.

जुलै १६८३ मध्ये रोजनिशीकार जॉन ईव्हलिन याची आणि या पुत्राची गाठ पडली. वडील दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते आणि फ्रेंच मद्याच्या आयातीवर इंग्लंडने १६७८ पासून बंदी घातली होती. मळ्याच्या धन्याला व्यापाराची चिंता असावी, असे कोणासही वाटेल. पण ईव्हलिनपुढे अखंड बडबड करणारा, देखणा, बहुभाषी विद्वान बसला होता आणि त्याच्या बोलण्यात यहुदी आचार्यांचे गूढ ग्रंथ होते. अतिविद्येने याचे डोके फिरले आहे, असा अभिप्राय ईव्हलिनने लिहून ठेवला. मद्य मात्र बोर्दोहून येणाऱ्यांत सर्वोत्कृष्ट, हेही लिहिले.

भोजनगृहाची कीर्ती वाढतच राहिली. रॉयल सोसायटीचे सभासद दरवर्षी संत अँड्र्यूच्या दिवशी तेथे जेवीत. १६९३च्या नोव्हेंबरात ईव्हलिनने सोसायटीचे अध्यक्षपद आग्रहाने देऊ केलेले असताही नाकारले आणि नेहमीप्रमाणे सर्वांबरोबर पोंताककडे भोजन केले. पुढे १७११ मध्ये जोनाथन स्विफ्ट तेथे जेवला. माल इतका चांगला असूनही आपण इतरांहून स्वस्त, केवळ सात शिलिंगांना एक शिसा देतो, ही यजमानाची बढाई स्विफ्टने थट्टेने नोंदली आहे.

फ्रान्स्वा-ओग्यूस्त १६९४ मध्ये निपुत्रिक वारला. मालमत्ता बहिणीच्या सासरकडे व पुढे फ्युमेल घराण्यात गेली. त्यातील जोझेफ द फ्युमेल याचा १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत शिरच्छेद झाला. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी ठरली, तेव्हा तांबड्या मद्यांत पहिल्या प्रतीचे मळे चार निघाले. त्यांतील तीन मेदोक प्रांतातले, चौथा पेसाकचा ओ-ब्रियाँ. तो तेव्हा लार्यू घराण्याकडे होता.