१२ एप्रिल : 'होल'चा 'लिव्ह थ्रू धिस'

१९९४ : गायिका-गिटारवादक कर्टनी लव्हच्या 'होल' या अमेरिकी बँडचा 'लिव्ह थ्रू धिस' हा अल्बम आज बाजारात आला. चारच दिवसांपूर्वी तिचा नवरा, 'निर्वाणा' या बँडचा कर्ट कोबेन, सिएटलच्या घरी मृतावस्थेत सापडला होता. ध्वनिमुद्रण मात्र ऑक्टोबर १९९३ मध्येच, जॉर्जियातल्या मॅरिएटाला झाले होते. गाणी कर्टनेच लिहिली, अशी कुजबुज पुढे वर्षानुवर्षे चालली. हा तिच्यावर धडधडीत अन्याय आहे. आईपण, शरीर, बाईवरची जबरदस्ती यांवर गुणगुणता गुणगुणता ती मध्येच घसा फोडून ओरडते, तो आवाज उसना आणता येत नाही. मागे पॅटी शेमेलचे ड्रम. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीत रात्रभर ढोल ऐकणाऱ्या खापर-अक्कलकुव्याच्या कानांना ते परके वाटू नयेत.

मुखपृष्ठावर सौंदर्यस्पर्धा जिंकलेली तरुणी आहे : डोक्यावर मुकुट, हातात गुच्छ, काजळ ओघळलेले. एका गाण्याचे नावच 'मिस वर्ल्ड'. सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या मुकुटांचे वर्षही हेच. 'होल'मध्ये बास वाजवणारी क्रिस्टन फाफ १६ जूनला, २७व्या वर्षी गेली. वर्षअखेरीस 'व्हिलेज व्हॉइस' या अमेरिकी साप्ताहिकाच्या समीक्षक-कौलात हाच अल्बम पहिला आला.