बंदुका उतरवलेली विमाने

लढाऊ विमानातल्या बंदुका काढा आणि ते एकटेच शत्रूच्या मुलखावर पाठवा, असे सुचवणारे टिपण ब्रिटिश वायुदलातील मॉरिस लाँगबॉटम या तरुण अधिकाऱ्याने ऑगस्ट १९३९मध्ये लिहिले. छायाचित्रे घ्यायला जाणारी ब्लेनहाइम विमाने तेव्हा संथ होती. युद्ध सुरू होताच त्यांतली बरीच पाडली गेली. मग लंडनजवळच्या हेस्टन तळावर सिडनी कॉटनने दोन स्पिटफायर मिळवली आणि कामाला हात घातला तो मिस्त्र्यांनी. आठही बंदुका उतरल्या. त्यांची भोके पत्र्याने बंद झाली, सांधे लांबीसारख्या लेपाने भरले गेले, सारा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला गेला. या विमानाला लढता येणार नव्हते, फक्त निसटता येणार होते. आणि ते निसटणे असे जमिनीवर, हाताने घडवले जात होते.

पुढे कॅमेऱ्यांना ३६ इंची भिंगे आली. ३०,००० फुटांवरून अशा भिंगाने काढलेले चित्र १:१०,०००च्या नकाशाइतके तपशीलवार. पण त्या उंचीवरच्या थंडीत कॅमेरा गोठू नये म्हणून त्याला गरम हवा पुरवावी लागे. ती नळी नीट बसली नाही, तर वैमानिक जिवावर उदार होऊन आणणार काय? कोरी फिल्म!

२१ मे १९४१ रोजी मायकल सकलिंगने नॉर्वेच्या बर्गनजवळ ‘बिस्मार्क’ टिपली. सहा दिवसांनी ती युद्धनौका बुडाली. सकलिंग स्वतः त्याच जुलैत एका टेहळणीवरून परतला नाही. त्याचे नाव इतिहासात आहे. विमान सज्ज करणाऱ्यांची नावे अशा हकिकतींत सहसा येत नाहीत. खटकते ते हेच.

आपल्याकडे हे काम कलकत्त्याहून चाले. ब्रह्मदेशावर जाणाऱ्या ६८४व्या स्क्वॉड्रनची मॉस्किटो विमाने तर लाकडाची, सरसाने जोडलेली. त्यात बंगालची दमट हवा! १९४४च्या नोव्हेंबरात काही अपघातांनंतर भारतातली मॉस्किटो जमिनीवरच थांबवली गेली. दोष हवामानाचा की कारखान्यातल्या जोडणीचा, यावर वाद झाला. तळावरच्या माणसांना मात्र वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायची सोय नव्हती. विमानाच्या पंखांचे सांधे तपासायचे होते, कारण त्याच पंखांवर दोन माणसे पुन्हा ब्रह्मदेशाकडे जाणार होती.