मानसोपचाराचा खाजगी व्यवसाय : रत्नागिरी व कोकण

मानसिक व्यथेने ग्रस्त असलेल्या व्यक्तीला रुग्णालयात दाखल करून न घेता, स्वतंत्र सल्लागृहात, ठरावीक शुल्क आकारून, मुख्यतः संभाषणाच्या साहाय्याने उपचार करण्याच्या व्यवसायास मानसोपचाराचा खाजगी व्यवसाय म्हणतात. हा व्यवसाय करणाऱ्यांचे सामान्यतः तीन वर्ग पडतात : वैद्यकाची पदवी असलेले व औषधे देण्याचा अधिकार असलेले मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्राचे उच्च शिक्षण व रुग्णालयीन प्रशिक्षण घेतलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक. भारतात या व्यवसायाला शंभर वर्षांचा इतिहास असला, तरी त्याचे नियमन उशिरा व तुटकपणे झाले. कायद्याने दीर्घकाळ लक्ष पुरविले ते रुग्णाला कोंडून ठेवणाऱ्या इमारतीकडे. त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाकडे नव्हे. एकोणिसाव्या शतकापासून सरकारी मनोरुग्णालय असलेल्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी या विसंगतीचे परिणाम विशेष स्पष्टपणे दिसतात.

पूर्वपीठिका : मनाच्या व्यथेवर बोलून उपाय करण्याची कल्पना भारतीय वैद्यकाला नवी नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले असून अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे, असे सत्त्वावजयाचे स्वरूप आहे. प्रत्यक्षात मात्र कोकणातील खेड्यांत दैवव्यपाश्रय मार्गाचेच प्राबल्य राहिले. माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, की ग्रामदेवतेला कौल लावणे, गाऱ्हाणे घालणे, भगताकडून बाधा उतरवून घेणे हे उपाय प्रथम होत. गाऱ्हाण्याच्या निमित्ताने घरातील दुःख चारचौघांत बोलले जाई व त्यामुळे कुटुंबाला काही आधारही मिळे; परंतु भूत काढण्याच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करण्याचे प्रकारही घडत. अशा कृत्यांना महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले.

रत्नागिरीचे मनोरुग्णालय : ब्रिटिश अमदानीत १८५८ च्या ३६ व्या अधिनियमाने वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीची व्यवस्था लावून दिली. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रातील नागपूरचे इस्पितळ १८६४ मध्ये, रत्नागिरीचे १८८६ मध्ये आणि ठाण्याचे १९०१ मध्ये स्थापन झाले. येरवडा (पुणे) येथील संस्था धरून राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये झाली. त्यांत रत्नागिरीचे सर्वांत लहान असून त्याची मंजूर खाटांची संख्या ३६५ आहे. चारही रुग्णालयांची मिळून ती ५,६९५ होते. दक्षिण कोकणाबरोबरच घाटावरील कोल्हापूर, सांगली या भागांतूनही येथे रुग्ण येत आले आहेत.

१९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक अधिनियमाने दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने रुग्णास दाखल करण्याची पद्धत निश्चित केली. स्वेच्छेने दाखल होण्याची आणि खाजगी इस्पितळाला परवाना देण्याची तरतूदही त्यात होती. तथापि कायद्याचा एकूण रोख समाजाच्या सुरक्षिततेवर होता. १९२० च्या सुमारास या संस्थांना मानसिक रुग्णालय असे नाव मिळाले, पण लोकमानसातील त्यांची प्रतिमा फारशी बदलली नाही. ‘ठाणे’, ‘येरवडा’ ही गावांची नावेच हेटाळणीचे शब्द बनली व दक्षिण महाराष्ट्रात रत्नागिरीच्या नावालाही ती छटा चिकटली. मनाचा उपचार म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, हे समीकरण रूढ झाल्यामुळे साध्या उदासीनतेने, भीतीने वा निद्रानाशाने त्रस्त असलेला मनुष्य इस्पितळाची पायरी चढेना आणि तिच्या अलीकडे त्याला दुसरे दारही नव्हते.

सल्लागृहाचा उदय : हे दुसरे दार प्रथम महानगरांत उघडले. कलकत्ता येथे गिरींद्रशेखर बोस या वैद्यकीय व्यावसायिकाने आपल्या खाजगी रुग्णांवर मनोविश्लेषणाचे प्रयोग केले व १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. सर्वसाधारण रुग्णालयातील मनोविकारांचा पहिला बाह्यरुग्ण विभाग तेथेच १९३३ मध्ये आर्. जी. कार वैद्यकीय महाविद्यालयात निघाला. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि १९३८ मध्ये के. आर्. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग उघडला. रुग्णाने सकाळी यावे, बोलावे आणि संध्याकाळी आपल्या घरी असावे, ही गोष्ट यामुळे प्रथमच सामान्य वाटू लागली.

वैद्यकाची पदवी नसलेल्याने खाजगी सल्ला देण्याचे एक प्रारंभिक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड (ता. दापोली) येथील कर्वे घराण्यातच सापडते. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले व १९२७ पासून १९५३ पर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यातून दिलेली उत्तरे हा काटेकोर अर्थाने मानसोपचार नव्हे. परंतु घरात उच्चारता न येणारा प्रश्न एखाद्या जाणकारापुढे निःसंकोचपणे मांडता येतो, हा विश्वास मराठी मध्यमवर्गात रुजविण्यास त्यांचा हातभार लागला.

स्वातंत्र्योत्तर काळात दोन गोष्टींनी व्यवसायाला गती दिली. पहिली म्हणजे औषधे. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मनोविकारांवरील उपयोग प्रस्थापित झाला आणि पुढे अनेक रुग्णांवर घरी ठेवूनच उपचार करणे शक्य झाले. दुसरी म्हणजे प्रशिक्षण. १९५४ मध्ये बंगलोर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि तेथे मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ या दोघांच्याही पद्धतशीर शिक्षणाची सोय झाली. मुंबईत एन्. एस्. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी योगशास्त्रातील कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती मांडली (१९६६). कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा मराठी भाषकांत प्रसार केला. पुण्यात १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात निघालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने आणि ठाण्यात १९९० मध्ये आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने समुपदेशकाचे काम लोकांच्या परिचयाचे केले. ज्या दोन गावांची नावे हेटाळणीने घेतली जात, तेथेच या नव्या संस्था उभ्या राहिल्या, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

कोकणातील विशेष अडचणी : संभाषणात्मक उपचार एका भेटीत होत नाही. आठवड्यातून एकदा, सुमारे पाऊण ते एक तास, असे अनेक आठवडे तो चालतो. साहजिकच अंतर हा त्यातील निर्णायक घटक ठरतो. रत्नागिरी जिल्हा दक्षिणोत्तर लांबट व डोंगराळ असून वाड्या विखुरलेल्या आहेत. घरातील कर्ता पुरुष मुंबईत व बाकीचे कुटुंब गावी, ही येथील जुनी घडण आहे. त्यामुळे रुग्ण एकीकडे आणि त्याची हकीकत सांगू शकणारा नातेवाईक दुसरीकडे, अशी स्थिती वारंवार उद्भवते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाल्यानंतर मुंबईचा प्रवास सुकर झाला, तरी दर आठवड्याची खेप बहुसंख्यांना परवडणारी नाही.

दुसरी अडचण लहान गावातील ओळखीची आहे. महानगरात सल्लागृहाच्या जिन्यावर कोणी ओळखीचे भेटत नाही. जिल्ह्याच्या गावी हमखास भेटते. उपचार घेतल्याचे कळले, तर मुलीचे लग्न अडेल ही भीती निराधार नसते. म्हणून लहान गावातील मानसोपचारज्ञाला पाटीवरील शब्दांपासून प्रतीक्षागृहाच्या मांडणीपर्यंत सर्वत्र गुप्ततेचा विचार करावा लागतो. रुग्ण प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो व बहुधा झोप न येणे, छातीत धडधडणे अशी शारीरिक तक्रारच सांगतो. त्यामुळे स्थानिक डॉक्टरांचा विश्वास हाच नव्या व्यवसायाचा खरा पाया असतो.

कायदेशीर स्थिती : १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने (अंमल १९९३) रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या खाजगी मनोरुग्णालयांना व शुश्रूषागृहांना परवाना आवश्यक केला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१८ मध्ये अंमलात आला. रुग्णाचे हक्क, गुप्तता आणि इतर आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण यांना त्याने मान्यता दिली. परंतु त्यातील ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ या संज्ञेचा भरही रुग्णाच्या निवासावरच आहे. केवळ येऊन-जाऊन उपचार देणारे सल्लागृह दोन्ही कायद्यांच्या परवाना-व्यवस्थेबाहेर राहिले.

व्यक्तीच्या पात्रतेचा विचार वेगळ्या मार्गाने झाला. मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी वैद्यक परिषदेकडे होते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यासाठी मानसशास्त्रातील केवळ एम्. ए. पदवी पुरेशी नसून मान्यताप्राप्त रुग्णालयीन प्रशिक्षण लागते. समुपदेशक मात्र दीर्घकाळ कोणत्याच सूचीत नव्हता. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय आयोग अधिनियमाने मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक व वैद्यकीय समाजकार्यकर्ते यांना प्रथमच आपल्या कक्षेत घेतले. तोवर अल्पकालीन अभ्यासक्रम केलेल्या व्यक्तीने पाटी लावली, तरी तिला अडविणारी स्पष्ट तरतूद नव्हती. पात्रता पारखण्याचा भार जो त्यास सर्वांत कमी समर्थ, त्या व्यथित माणसावरच पडत होता.

व्यवसायाची उभारणी : नव्या सल्लागृहास यंत्रसामग्री फारशी लागत नाही, बाहेर आवाज न जाणारी खोली, दोन खुर्च्या व कुलूपबंद कपाट एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. खरी सामग्री वेगळी आहे. पहिल्या भेटीतच शुल्क, भेटींचा कालावधी व गुप्ततेच्या मर्यादा स्पष्ट सांगाव्या लागतात. जीवितास धोका असल्यास गुप्तता बाजूस ठेवावी लागते, हेही त्यात येते. प्रत्येक भेटीची नोंद ठेवणे, अनुभवी सहकाऱ्याकडून आपले काम तपासून घेणे आणि औषधाची गरज दिसताच रुग्णास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणे ही त्याची आवश्यक अंगे होत. वैद्यकेतर मानसोपचारज्ञाने औषध सुचविणे २०१७ च्या अधिनियमाने निषिद्ध आहे. रत्नागिरीत तीव्र अवस्थेतील रुग्णासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ असणे ही मोठी सोय आहे. मात्र ‘तिकडे पाठवले’ या शब्दांची जुनी धास्ती ओळखून रुग्ण व नातेवाईक यांना त्यासाठी आधीच तयार करावे लागते.

उत्पन्न हा प्रश्न शेवटपर्यंत अवघड राहतो. एका तासात एकच रुग्ण पाहता येत असल्याने शुल्क फार कमी ठेवता येत नाही आणि ते वाढविले तर गरजू व्यक्ती दुरावते. शाळा-महाविद्यालयांत ठरावीक दिवशी काम करणे, काही भेटी सवलतीच्या दरात ठेवणे असे मार्ग यावर काढले जातात. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाल्यानंतर दूरध्वनी व चित्रसंवादाद्वारे सल्ला देण्याची प्रथा वाढली. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलिमानस ही विनाशुल्क दूरध्वनीसेवाही उपलब्ध आहे. विखुरलेल्या वाड्यांच्या प्रदेशास ही साधने उपयुक्त असली, तरी घरातील माणसांच्या कानांपलीकडे बसून बोलता येईल अशी जागा रुग्णाला मिळणे, ही अट त्यांनाही सुटत नाही.

मूल्यमापन : महाराष्ट्राचा समावेश नसलेल्या बारा राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित आढळल्या. ही दरी केवळ सरकारी खाटांनी भरून निघणारी नाही आणि केवळ शुल्क देऊ शकणाऱ्यांसाठी असलेल्या सल्लागृहांनीही नाही. रत्नागिरीचा अनुभव असे दर्शवितो, की मनोरुग्णालय व घर यांच्यामधील जागा रिकामी राहिली, तर ती भीती, लपवाछपवी आणि अपात्र उपचारक यांनी व्यापली जाते. ती जागा विश्वासार्ह रीत्या भरून काढण्यात खाजगी मानसोपचाराचे सामाजिक महत्त्व आहे. मात्र त्यासाठी इमारतीच्या परवान्याइतकीच उपचारकाच्या पात्रतेचीही काळजी घेतली जाणे आवश्यक आहे.