एकट्या झाडाचा फोटो

आमच्या जुन्या घरात, पडवीच्या भिंतीवर, एका झाडाचा फोटो टांगलेला असे. रंग उडत चाललेली प्रिंट, वर काच. वाळूच्या उंचवट्यावर एकच झाड, फांद्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आलेल्या, मागे कोरं आभाळ. बाकी काही नाही. त्या भिंतीवर फोटो म्हणावा असा तेवढाच. शेजारी काबा शरीफचं चित्र असलेलं कॅलेंडर आणि विजेची बिलं अडकवायचा खिळा.

अब्बा बहरीनला होते. १९७९ मध्ये गेले, १९९० मध्ये कायमचे परतले. फोटो त्यांनीच पाठवलेला. झाडाचं नाव ते 'शजरत-उल-हयात' असं सांगत, म्हणजे जिंदगीचं झाड. बहरीन देशात एवढं एकच झाड आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. शाळेत भूगोलाच्या तासाला तसं सांगितलंही होतं.

फोटो मात्र नको इतका उभट होता. त्याचं कारण दादी गेल्यावर कळलं. तिच्या पेटीत, अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांखाली, फोटोचा दुसरा तुकडा सापडला. त्यात अब्बा उभे आहेत, पायात रुंद मोहरीची पँट, डोळे उन्हाने बारीक. शेजारी दोन सोबती, एकाच्या हातात जेवणाचा डबा. त्यांच्या मागे पिकअप गाडी आणि तिच्याही मागे, फोटोच्या कडेपर्यंत गेलेली, पाइपलाइन. दादीने कात्रीने फोटोचे दोन भाग केले होते. पडवीत नमाज होई. तिथे माणसाची तसबीर तिला नको होती. झाड चालत होतं. आणि मुलाचा तुकडा फेकून देणं तर तिला जमणारच नव्हतं.

दोन्ही तुकडे जुळवले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. भिंतीवरच्या फोटोत झाडाच्या खोडाला एक फिकट गाठ होती. आम्ही तिला गाठच समजत होतो. ती अब्बांची बोटं होती. हात खोडावर ठेवून ते उभे होते आणि कात्री मनगटावरून गेली होती.

दादीचं हे शास्त्र मनाचं नव्हतं. हदीसच्या संग्रहांत हजरत इब्न अब्बास यांच्याकडे आलेल्या एका चित्रकाराची हकीकत आहे. माझं पोट याच हाताच्या कामावर आहे, आता मी काय करू, असं तो विचारतो. काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात रूह नाही अशा वस्तू काढ, असा त्यांच्या उत्तराचा आशय. दमास्कसच्या उमय्या मशिदीत याच वाटेने जाणारी एक थोर कलाकृती आजही पाहता येते. खलिफा वलीदच्या काळात, इसवी सन ७१५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मशिदीच्या अंगणातल्या भिंतींवर काचेच्या रंगीत आणि सोनेरी तुकड्यांची चित्रं आहेत. भलीमोठी झाडं, वाहती नदी, महाल, घरं. त्या घरांत राहणारं कोणी नाही. कोणी म्हणतं ती जन्नत आहे, कोणी म्हणतं ते दमास्कसच. बाराशे वर्षांनंतर कोकणातल्या एका बाईने कात्री घेऊन तेच केलं.

मला दादीचा राग येऊ शकत नाही, कारण मीही तेच करतो. गेली पंधराएक वर्षं मी एकट्या झाडांचे फोटो काढतो. रत्नागिरीच्या उत्तरेला, जयगडकडे जाताना कातळसडे लागतात. पावसाळ्यानंतर गवत सोनेरी होतं आणि मैलभर सपाट सड्यावर एखादाच वड उभा दिसतो. असा फोटो घेताना खरं काम झाड शोधण्याचं नसतं, बाकीचं सगळं घालवण्याचं असतं. गुडघ्यावर बसलं की क्षितिजरेषा खाली जाते आणि पलीकडची वाडी दिसेनाशी होते. दोन पावलं डावीकडे सरकलं की विजेचा खांब खोडाआड जातो. तार उरलीच तर ती घरी संगणकावर पुसायची. एकदा वडाच्या सावलीत गवत कापणाऱ्या चार बायका भाकरी खायला बसल्या होत्या. त्या उठायची वाट बघत मी तासभर उन्हात उभा. शेवटी एकीने विचारलं, "झाडाचाच फोटो काढायचा ना? मग आमी कशाला उठू? झाड काय आमचा नाय?" मी हसलो, आणि त्या उठेपर्यंत थांबलोच. तो फोटो अनेकांना आवडला. 'एकांत' असं नाव दिलं होतं मी त्याला.

दुसरा तुकडा सापडल्यावर मी बहरीनच्या त्या झाडाविषयी मिळेल ते वाचू लागलो. पहिला धक्का असा की झाड आपल्या ओळखीचं निघालं. अरबीत त्याला 'गाफ' म्हणतात, राजस्थानात 'खेजडी', आणि आपल्याकडे शमी किंवा सौंदड. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती हीच शमी. आमच्या गावात दसऱ्याला शेजारची मुलं 'सोनं घ्या' म्हणत आपट्याची पानं देऊन जात, तेव्हा घरातल्या भिंतीवर त्या दिवसाचं दुसरं झाड लटकत होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. संयुक्त अरब अमिरातीने २००८ मध्ये गाफला राष्ट्रीय वृक्ष केलं. राजस्थानातल्या खेजडलीत १७३० साली ही झाडं तुटू नयेत म्हणून ३६३ बिश्नोईंनी जीव दिला. वाळवंटात या झाडाची किंमत काय, ते या दोन गोष्टींवरून कळावं. पानं-शेंगा जनावरांना, शेंगा माणसालाही. मुळं तीस मीटर आणि त्याहून खोल जाऊ शकतात. बहरीनच्या झाडाला पाणी कुठून मिळतं हे मोठं गूढ म्हणून सांगितलं जातं, पण शमीच्या मुळांची धाव पाहता त्यात चमत्काराचा भाग थोडाच असावा.

झाड चारशे वर्षांहून जुनं मानतात. म्हणजे ते कोवळं असताना बहरीनच्या किल्ल्यात पोर्तुगीज असणार. आपल्या चौलमध्येही तेव्हा तेच होते. १६०२ मध्ये इराणच्या सफवींनी त्यांना बहरीनमधून घालवलं. पुढे बेट मोत्यांवर जगलं आणि ते मोती विकले जात मुंबईच्या बाजारात. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये रुपयाच चालत होता, हे आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या पहिल्या पिढीतल्या लोकांना चांगलं आठवतं.

यापुढची माहिती मात्र फोटो सांगत नाही. २०१० मध्ये झाडाच्या परिसरात उत्खननात मातीची भांडी आणि इतर वस्तू मिळाल्या, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या. म्हणजे या झाडाच्या आसपास माणसांचा वावर होता. चूल होती, पाण्याची सोय होती. ज्या झाडाला जग 'वाळवंटातलं एकाकी झाड' म्हणतं, ते कुणाच्या तरी शेजारी वाढलं. माणसं गेली, झाड राहिलं.

आणि आजही ते एकटं नाही. झाडाच्या पश्चिमेला जबल दुखान ही बहरीनची सर्वांत उंच टेकडी. तिच्या पायथ्याशी १९३२ मध्ये तेल लागलं, आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं ते पहिलं तेल. झाडाकडे जाणारी वाट तेलक्षेत्रातूनच जाते. वाटेवर विहिरी आहेत, पंप आहेत, जमिनीलगत धावणाऱ्या पाइपलाइनी आहेत. तुम्ही या झाडाचे शंभर फोटो पाहा, बहुतेकांत पाइप दिसणार नाही. सगळे छायाचित्रकार गुडघ्यावर बसतात, दोन पावलं डावीकडे सरकतात.

अब्बा वेल्डर होते. त्या पाइपांचे जोड करणं हेच त्यांचं काम होतं. ज्या कंपनीत ते होते तिने त्यांचा पासपोर्ट कपाटात ठेवून घेतला होता आणि पहिली तीन वर्षं ते घरी येऊ शकले नाहीत. त्या तीन वर्षांत आजोबा वारले. आखाताच्या पैशाने बांधलेल्या स्लॅबच्या घरांबद्दल कोकणात खूप बोललं जातं, चेष्टेनेही. त्या पैशाच्या मागचा माणूस मात्र फोटोच्या कापलेल्या बाजूला राहिला.

असंच दुसरं एक झाड इतिहासात आहे आणि त्याची कथा शेवटापर्यंत ठाऊक आहे. आफ्रिकेतल्या नायजर देशात सहाराचा तेनेरे नावाचा भाग आहे. तिथे एक बाभूळ होती. आसपास दोनशे किलोमीटरपर्यंत दुसरं झाड नाही. लहान प्रमाणाच्या नकाशांवरही ती दाखवली जाई, एखाद्या गावासारखी. आगादेझहून बिल्माला मीठ आणायला जाणारे तुआरेगांचे उंटांचे तांडे, ज्यांना 'अझलाई' म्हणतात, तिच्याजवळ थांबत आणि मग पुढच्या वाळूत शिरत. फ्रेंच अधिकारी मिशेल लेसूर याने १९३९ मध्ये तिच्याविषयी लिहून ठेवलं आहे. त्याला नवल वाटलं ते झाडाच्या जगण्याचं, पण त्याहून माणसांच्या वागण्याचं. इतके उंट जातात, एकालाही कुणी पाला खाऊ देत नाही. इतके लोक चहाला आग पेटवतात, एकही फांदी कुणी तोडत नाही. कुठे लिहिलेला कायदा नव्हता. लेसूरने त्या झाडाला दीपस्तंभाची उपमा दिली आहे. आमच्या जयगडच्या खलाशांना ती बरोबर समजेल.

म्हणजे ते झाड एकटं होतं म्हणून टिकलं नाही. शेकडो माणसांनी, पिढ्यान्‌पिढ्या, रोज मोह आवरला म्हणून टिकलं.

१९३८-३९ च्या हिवाळ्यात झाडाशेजारी विहीर खणली. पाणी तीस मीटरच्याही खाली लागलं आणि झाडाची मुळं तिथवर पोचली होती. झाड आहे म्हणून विहीर झाली, विहीर आहे म्हणून उंटांच्या जागी ट्रक थांबू लागले. फ्रेंच संशोधक आंरी लोत १९३४ मध्ये तिथून गेला होता. १९५९ मध्ये पुन्हा आला तेव्हा त्याला झाड ओळखू येईना. पूर्वी दोन खोडं होती, आता एकच. दुसऱ्याच्या जागी जमिनीपासून मीटरभर उंचीचा फाटका बुंधा. एखादा ट्रक आदळला असावा. १९७३ मध्ये एका ट्रकने उरलेलं खोडही पाडलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मेलेलं झाड राजधानी नियामेच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवलं आणि मूळ जागी धातूचं एक झाड उभं केलं.

हा किस्सा आज विनोद म्हणून फिरतो: अख्ख्या वाळवंटात एकच झाड आणि ड्रायव्हरने नेमकं तेच उडवलं. सोबत १९६१ चा एक फोटो असतो. वाकडं खोड, वर छत्रीसारखा पाला. त्या फोटोकडे पाहून हसू येतं, कारण त्यात विहीर ध्यानात येत नाही, रस्ता ध्यानात येत नाही. रिकाम्या वाळवंटात आंधळेपणाने झाडावर गेलेला ट्रक तेवढा मनात येतो. तो ट्रक झाडावर चालून गेला नव्हता. तो सगळ्यांसारखा पाण्याला आला होता. आणि दुसरं खोड तर चौदा वर्षं आधीच गेलेलं होतं, त्यावर कुणी विनोद केला नाही.

याच्या अगदी उलट एक झाड आपल्या इतिहासात आहे. हिजरी सन ६ मध्ये, म्हणजे ६२८ साली, हुदैबियाला एका झाडाखाली पैगंबरांच्या हातावर सुमारे चौदाशे सहाबांनी शपथ घेतली. कुरआनच्या सूरह फतहमध्ये त्या झाडाचा उल्लेख आहे. पण झाड कुठे गेलं? एका रिवायतीनुसार पुढच्याच वर्षी आलेल्या सहाबांना ते नेमकं कोणतं हे ओळखता आलं नाही. दुसरीनुसार लोक तिथे खास नमाज पढायला जाऊ लागले म्हणून हजरत उमर यांनी ते तोडवलं. दोन्हींत झाड हरवतं आणि माणसं उरतात. ती किती होती, कोण होती, कशासाठी जमली, सगळं नोंदलेलं आहे. आमच्या पडवीत झाड राहिलं होतं आणि माणूस पेटीत गेला होता.

अब्बांना मी दोन्ही तुकडे दाखवले होते. ते शेवटच्या आजारात होते. त्यांनी पाठीमागची बाजू बघायला मागितली. तिथे त्यांनी दादीला चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही मधोमध कापल्या गेलेल्या. दादीला वाचता येत नव्हतं. पत्र कुणी वाचून दाखवायच्या आतच बहुधा कात्री चालली असावी. अब्बांनी तुकडे जुळवून त्या ओळी स्वतःशीच वाचल्या आणि म्हणाले, "डब्यातला मासा खारा होता त्या दिवशी." सोबत्यांची नावं त्यांनी सांगितली. एक कालिकतचा, एक कराचीचा.

मागच्या हिवाळ्यात माझा भाचा नोकरीला बहरीनला गेला. मी त्याला झाड पाहून यायला सांगितलं. त्याने मोबाइलवरून फोटो पाठवला. झाड तसंच आहे, थोडं अधिक वाकलेलं. लोक खोडावर नावं कोरत म्हणून आता भोवती कुंपण घातलंय. खोडावर हात ठेवता येत नाही. मी त्याला कळवलं की आता झाडाकडे पाठ कर आणि समोर जे दिसतं त्याचा फोटो काढ, पाइपलाइन दिसली तर तिचाही काढ.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "मामू, पाइपचा फोटो कशाला हवाय तुम्हाला?"