कॅल्सिडनची धर्मपरिषद
ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील चौथी सार्वत्रिक धर्मपरिषद. रोमन सम्राट मार्शियन याने ती इ. स. ४५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलसमोरील कॅल्सिडन (सध्याच्या इस्तंबूलमधील काडिकॉय) येथे भरविली. येशू ख्रिस्ताच्या ठायी देवत्व व मनुष्यत्व यांचा संयोग कसा झाला, हा तिच्यापुढील मुख्य प्रश्न होता.

कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख धर्माध्यक्ष नेस्टोरियस याने मरियेला ‘थिओटोकोस’ (देवमाता) म्हणण्यास हरकत घेतली, तेव्हा त्यामुळे एकाच ख्रिस्ताचे दोन व्यक्तींत विभाजन होते, असा आक्षेप अलेक्झांड्रियाच्या सिरिलने घेतला आणि ४३१ च्या एफेसस परिषदेने नेस्टोरियसला पदच्युत केले. पुढे युटिकीझ या मठाधिपतीने, संयोगानंतर ख्रिस्ताचा एकच स्वभाव, म्हणजे मूलभूत स्वरूप, उरतो, अशी दुसऱ्या टोकाची भूमिका मांडली.

या दोन्ही टोकांना नाकारून परिषदेने, पोप पहिला लिओ याच्या पत्राचा व सिरिलच्या पत्रांचा आधार घेत, ख्रिस्त ही दोन स्वभाव असलेली एकच व्यक्ती असून ते स्वभाव परस्परांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि विलगही होत नाहीत, असा सिद्धांत घोषित केला.

रोमन कॅथलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रॉटेस्टंट पंथांना तो मान्य आहे. कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन व सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चनी मात्र, त्यात ख्रिस्ताच्या एकत्वाला बाध येतो या धारणेने, तो स्वीकारला नाही. केरळमधील मलंकर ऑर्थोडॉक्स चर्च याच परंपरेतील आहे.